पाठीमागे सूर्य, तोंडावर अंधार

फोटो काढताना आपल्या देशात एक सूचना हमखास ऐकू येते : "उजेडाकडे तोंड करा." लग्न असो, सहल असो, शाळेचा ग्रुप फोटो असो. मग पंचवीस माणसं डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून सूर्याकडे बघत उभी राहतात आणि फोटोत सगळी जणं एकाच वेळी चिडल्यासारखी दिसतात. :)

सूचना चुकीची नाही. सूर्य पाठीमागे असला की केसांना सोनेरी कड येते, आकाश सुंदर दिसतं, माणूस पार्श्वभूमीपासून सुटा दिसतो, पण चेहरा काळा पडतो. आपला डोळा आणि मेंदू मिळून हा फरक सहज सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला ते जमत नाही. आकाश नीट हवं असेल तर चेहरा जातो आणि चेहरा नीट हवा असेल तर आकाश पांढरंफटक होतं. दोन्हींपैकी एक निवडा.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला आणि वीकेंडला फोटो काढणारा. त्यामुळे सुरुवातीला मला हा निव्वळ इंजिनिअरिंगचा प्रश्न वाटायचा. इनपुटची रेंज मोठी, स्टोरेजची लहान, कुठेतरी क्लिपिंग होणारच. पण जुने फोटो आणि त्यांचा इतिहास वाचायला लागलो आणि लक्षात आलं की "कोणाचा चेहरा अंधारात ठेवायचा" हा प्रश्न फक्त काचेचा आणि केमिकलचा कधीच नव्हता. आजचा लेख त्याबद्दल. शेवटी आपण येवल्याला पोचणार आहोत, पण वाट मुंबईवरून जाते.

काळं कुंकू

फोटोग्राफी मुंबईत फार लवकर आली. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरच्या पद्धतीची घोषणा झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले फोटोग्राफर. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत व्यवसाय थाटणाऱ्या पहिल्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक झाले. म्हणजे आपल्याकडे रेल्वे धावल्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच फोटोग्राफी शिकवायला सुरुवात झाली होती!

तेव्हा प्रकाश एकच होता, सूर्याचा. स्टुडिओंना काचेचं छप्पर किंवा मोठ्या खिडक्या असत. काचेच्या प्लेटवर ओलं रसायन पसरायचं आणि ते सुकायच्या आत फोटो काढून डेव्हलपही करायचं. मुंबईच्या उकाड्यात ही काय कसरत असेल याची कल्पना करा. एक्स्पोजर काही सेकंदांचं असे, त्यामुळे मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोंतली माणसं हसत का नाहीत याचं निम्मं उत्तर त्या आधारात आहे.

पण त्या प्लेटची आणखी एक खोड होती आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. तिला फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश दिसायचा. लाल आणि पिवळा जवळजवळ दिसतच नसे. परिणाम? निळं आकाश कोरं पांढरं, लाल लुगडं काळं, कुंकू काळं. आणि गव्हाळ किंवा सावळी त्वचा होती त्यापेक्षा कितीतरी गडद. कारण आपल्या त्वचेवरून परत येणाऱ्या प्रकाशात निळ्याचा वाटा कमी आणि तांबूस-पिवळ्याचा जास्त. १८७३ मध्ये जर्मनीत हर्मान फोगेलने प्लेटमध्ये रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा रंग दाखवला. लालसकट सगळे रंग पाहणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक प्लेट बाजारात यायला १९०६ उजाडलं. म्हणजे साठ-सत्तर वर्षं भारतीय माणसाचा चेहरा अशा यंत्राने टिपला, ज्याला तो चेहरा नीट दिसतच नव्हता.

यात वाईट हेतू कोणाचा नव्हता, ते रसायनशास्त्र होतं. पण त्या रसायनाच्या वर माणसं जे करत होती, त्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

विल्यम जॉन्सन नावाच्या मुंबईतल्या एका इंग्रज फोटोग्राफरने १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड काढले. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींचे फोटो, असा विषय. ते फोटो पाहताना काहीतरी खटकत राहतं. माणसं आणि मागचा देखावा यांचा उजेड जुळत नाही. कारण साधं आहे. माणसांचे फोटो वेगळे आणि देखाव्यांचे वेगळे काढून नंतर ते एकमेकांत बसवले आहेत. फोटोशॉपच्या सव्वाशे वर्षं आधी! चेहरा आणि पार्श्वभूमी एकाच वेळी नीट येत नाहीत, या प्रश्नावरचा हा एक जुगाड म्हणता येईल. पण मला जास्त खटकलं ते खालचं शीर्षक. तिथे माणसाचं नाव नसतं, जात असते. नंतर १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आशीर्वादाने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड निघाले, त्यांचाही खाक्या तोच. चेहरा दिसतो, पण तो 'नमुना' म्हणून.

तेव्हा प्रकाश मिळाला म्हणजे माणूस दिसला, असं समजायचं कारण नाही. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सूर्याच्या भरवशावर

आता नाशिक जिल्ह्याकडे वळू. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले. सिनेमाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी ते पोटासाठी फोटोग्राफर होते. गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ काढला आणि १९०० च्या प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेल्यावर तो सोडला. नंतर बडोद्यात व्यवसाय करायचा प्रयत्न केला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो, अशी वदंता तिथे होती. गिऱ्हाईक येईना.

आपण हसतो, पण त्या काळातल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. काळ्या कापडाखाली शिरलेला अनोळखी इसम, डोक्यामागे लोखंडी पकड, "हलू नका" अशी आज्ञा आणि शेवटी हातात येतो तो आपल्यापेक्षा काळा असा कोणीतरी. मीसुद्धा दोनदा विचार केला असता.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपलं बस्तान नाशिकला हलवलं. स्टुडिओत विजेचे दिवे रुळण्याआधीचा तो काळ. शूटिंग म्हणजे ऊन. ढग आला की काम बंद. उन्हाची दिशा बदलता येत नाही म्हणून माणसं फिरवायची, सेट फिरवायचा, पांढऱ्या कापडाने सावलीच्या बाजूला उजेड परतवायचा. आज लग्नाच्या फोटोग्राफरचा पोरगा चंदेरी गोल रिफ्लेक्टर धरून उभा असतो ना, त्याचा हा पणजोबा.

रिफ्लेक्टरची अडचण एकच. तो उजेड उधार देतो, निर्माण करत नाही. सूर्य गेला की तोही गेला. स्वतःचा सूर्य खिशात हवा, तर दुसरं काहीतरी लागणार होतं.

खिशातला सूर्य

१८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीठं आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून फ्लॅश पावडर बनवली. पेटवली की क्षणात लख्ख उजेड, मोठा आवाज आणि छतापर्यंत धूर. फटाक्याचाच भाऊबंद. भुवया जळणं ही किरकोळ दुर्घटना, मोठ्याही होत.

पुढच्याच वर्षी जेकब रीस नावाचा बातमीदार हे प्रकरण घेऊन न्यूयॉर्कच्या झोपडपट्ट्यांत शिरला. जिथे सूर्य पोचत नाही अशा खोल्यांतली माणसं त्याने जगाला दाखवली. १८९० मध्ये त्याचं पुस्तक आलं, खळबळ उडाली, घरांच्या सुधारणांना जोर मिळाला. पण ते फोटो बघताना त्या माणसांच्या डोळ्यांकडे बघा. कितीतरी जण दचकलेले आहेत. रात्री कोणीतरी घरात घुसून तोंडावर स्फोट केला, तर दुसरं काय होणार? प्रकाश मिळाला, पण विचारून नाही.

गंमत अशी की, ज्याला आज 'ऑफ-कॅमेरा फ्लॅश' म्हणून नवी कला मानतात, तीच मूळ पद्धत आहे. पेटती पावडर कॅमेऱ्यावर ठेवणार कोण? ती बाजूला, वेगळ्या तबकात, हात लांब करून. १९२९-३० च्या सुमारास काचेचे फ्लॅश बल्ब आले आणि धूर गेला. १९३१ च्या सुमारास एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टनने झेनॉन वगैरे वायूंच्या नळीतून विजेचा झटका सोडून पुन्हापुन्हा वापरता येणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश घडवला. मग फ्लॅश लहान झाला, स्वस्त झाला आणि येऊन बसला कॅमेऱ्याच्या डोक्यावर. सोय झाली आणि सौंदर्य गेलं. लेन्सच्या दिशेनेच उजेड मारला की नाकाची, गालाची सावली मागे लपते, चेहरा सपाट होतो, कपाळ चमकतं आणि मागच्या भिंतीवर काळी कड उमटते. नव्वदीतले लग्नाचे अल्बम आठवा.

२००६ मध्ये डेव्हिड हॉबी या अमेरिकन वृत्तछायाचित्रकाराने 'स्ट्रोबिस्ट' नावाने लिहायला सुरुवात केली. सांगणं साधंच : तुमच्याकडे आहे तोच छोटा फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा, स्टँडवर लावा, पुढे पांढरी छत्री धरा. जगभरच्या हौशी लोकांनी ते उचललं आणि आमच्यासारख्या आयटीवाल्यांनी तर विशेषच. कारण यात एक सुरेख लॉजिक आहे. दोन मिनिटं देऊन समजून घ्या, कंटाळा येणार नाही.

फ्लॅशचा झोत साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात, किंवा त्याहूनही लवकर संपतो. शटर १/२०० सेकंद उघडं असो की १/६०, फ्लॅशला फरक पडत नाही, तो मधेच कधीतरी येऊन गेलेला असतो. सूर्य मात्र शटर उघडं असेपर्यंत ओतत राहतो. म्हणजे शटरने फक्त सूर्याचा उजेड कमी-जास्त होतो, छिद्राने (अ‍ॅपर्चरने) दोन्ही होतात आणि फ्लॅशच्या पॉवरने फक्त चेहरा. एकाच फ्रेममध्ये दोन एक्स्पोजर, दोन स्वतंत्र व्हेरिएबल! आधी आकाश ठरवा, मग चेहरा. मर्यादा एकच, बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पलीकडे शटर पूर्ण उघडत नाही, नुसती फट सरकते आणि फ्रेमचा काही भाग फ्लॅशविना राहतो.

आणि ताकद? ४० गाइड नंबरचा साधा फ्लॅश घ्या. दोन मीटरवर ४० भागिले २, म्हणजे एफ २०. छत्रीने दोन स्टॉप खाल्ले, राहिलं एफ १०. भर दुपारच्या उन्हाचं एक्स्पोजर आयएसओ १०० आणि १/२०० ला साधारण एफ ११ येतं. म्हणजे चार पेन्सिल सेल दोन मीटरवर सूर्याशी जवळजवळ बरोबरी करतात. अंतर दुप्पट केलं की उजेड पाव होतो, म्हणून जवळ जायचं. तेवढी एकच अट.

एकशेसाठ वर्षांपूर्वी जॉन्सन ज्यासाठी कात्री आणि डिंक वापरत होता, ते आता एका क्लिकमध्ये होतं. चेहरा की आकाश, ही निवडच संपली.

येवला

मनमाडहून शिर्डीकडे जाताना येवला लागतं. बहुतेकांना ते पैठणीमुळे माहीत असतं. पण चेहऱ्यांच्या गोष्टीत या गावाचा वाटा मोठा आहे.

तात्या टोपे येवल्याचे. १८ एप्रिल १८५९ ला त्यांना शिवपुरीला फाशी दिलं. त्याच बंडाच्या काळात, १८५८ मध्ये, फेलीचे बियातो कॅमेरा घेऊन लखनौला फिरत होता, म्हणजे कॅमेरे होते. तरीही तात्यांच्या नावाने छापली जाणारी चित्रं एकमेकांशी जुळत नाहीत. एवढा मोठा माणूस, आणि डोळ्यांपुढे एक पक्का चेहरा आणायचा म्हटलं तर येत नाही.

आणि याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्या जागेला आज मुक्तिभूमी म्हणतात. बाबासाहेबांचा चेहरा आज महाराष्ट्रातल्या किती घरांत आहे हे मोजता येणार नाही. चष्मा, कोट, टाय, स्वच्छ उजेडातला चेहरा आणि खाली नाव. मला तो फोटो नेहमी त्या जुन्या खंडांच्या शेजारी ठेवून बघावासा वाटतो. तिथे खाली फक्त जात होती. इथे आधी नाव येतं, मग पदव्या येतात. फोटो तोच, उजेड तोच, रसायन जवळजवळ तेच. फरक हा की कॅमेऱ्यापुढे कोण, कोणत्या अटीवर उभं आहे.

आता पैठणी. हिच्याइतकी प्रकाशाची परीक्षा घेणारी वस्तू कमी असेल. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो, यालाच धूपछाँव म्हणतात. पदरावर बांगडी मोर, मुनिया, कमळ, काठाला नारळी, सगळं हाताने एकेक धागा गुंतवून. आणि जर म्हणजे हजारो बारीक आरसे. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारला तर उजेड सरळ परत येतो, सोनं पांढरं होतं आणि रेशमाचा दुरंगीपणा मरतो. पाठीमागून ऊन आणि बाजूने छत्रीतला मऊ फ्लॅश असेल तर जर सोन्यासारखी आणि रेशीम रेशमासारखं दिसतं. म्हणून तर संध्याकाळचा सूर्य पाठीमागे घेऊन, पदर उडवत, पैठणीतल्या नवरीचे फोटो काढायची फॅशन आली. सुंदर असतात ते. मीही काढलेत.

पण पैठणीवरच्या जाहिराती आणि माहितीपुस्तिका एकदा नीट बघा. त्यात विणकराचा फोटो असतोच. माग, मागे खिडकी, खिडकीतून येणारा उजेड, झळाळणारं रेशीम आणि त्यावर वाकलेली एक काळी आकृती. नाहीतर नुसते हात. चेहरा नाही. नाव तर नाहीच.

एका जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, येवल्यातल्या एका विणकर कुटुंबाकडे गेलो होतो. त्या दिवसांत तिथे गच्च्यांवर पतंगांची धमाल असते. नवरा-बायको दोघंही विणतात. म्हटलं, "काका, तुमचा आणि काकूंचा फोटो काढू? बाहेर, अंगणात." काका म्हणाले, "फोटो लई निघालेत आमचे. पण सगळ्यात हातच दिसतात." हसत म्हणाले, तक्रार म्हणून नाही.

साडेपाच वाजले होते. जानेवारीतलं ऊन पाठीमागून तिरकं येत होतं. (मे महिन्यात इथे हे नाही चालत. विसाव्या तारखेच्या आसपास येवल्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणीत नुसता अंधार.) आकाशासाठी १/२०० आणि एफ ८ ठरवलं. चेहरे अर्थातच काळे. मग डाव्या बाजूला दीड मीटरवर, डोळ्यांपेक्षा थोडी वर छत्री आणि पाव पॉवरवर फ्लॅश. वाऱ्याने छत्री उडायला लागली तेव्हा शेजारच्या एका पोराने पतंग सोडून तिची दांडी घट्ट धरली.

काकूंनी विचारलं, "साडी धरू का पुढं?"

म्हटलं, "नको. नुसत्या तुम्ही दोघं."

दोघंही एक क्षण गोंधळले. साडीशिवाय फोटो कशाला, असं काहीसं. मग काकांनी टोपी नीट केली, काकूंनी पदर सारखा केला आणि मी क्लिक केलं. मागे आकाश आहे, केसांना उन्हाची कड आहे आणि पुढे दोन चेहरे स्वच्छ आहेत. कुंकू लाल आहे.

प्रिंट पाठवली, मागे दोघांची नावं लिहून. ती नावं इथे देत नाही, ती त्यांची आहेत.

निर्णय

आता तर फ्लॅशही लागत नाही, असं कोणी म्हणेल. फोन एका दाबात अनेक फ्रेम घेतो, आकाश एकीतून उचलतो, चेहरा दुसरीतून आणि जोडून देतो. म्हणजे पुन्हा जॉन्सनचीच युक्ती, फक्त कात्रीच्या जागी अल्गोरिदम. आणि अल्गोरिदमलाही कोणीतरी शिकवलेलं असतं की 'नीट दिसणारा चेहरा' म्हणजे कसा. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅकच्या रंगांचं माप गोऱ्या बाईच्या फोटोवरून ठरवत आणि गडद त्वचा त्या मापात बसत नसे. ती फिल्म सुधारली त्यात चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारींचाही हात होता, असं सांगतात. माणसांच्या आधी फर्निचर! आपल्यापैकी जे लोक असली सॉफ्टवेअर लिहितात, त्यांनी ही गोष्ट डेस्कवर चिकटवून ठेवायला हरकत नाही.

१८५५ मध्ये चेहरा काळा पडला तर प्लेटला दोष देता येत होता. १९१३ मध्ये ढगाला देता येत होता. आज चार पेन्सिल सेलमध्ये सूर्याशी बरोबरी होत असताना, किंवा खिशातला फोन ती आपोआप करत असताना, एखाद्याचा चेहरा अंधारात राहिला तर तो नाइलाज नसतो. तो कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. कधी तो सुंदरही असतो, छायाकृतीला माझा विरोध नाही. पण दर वेळी नवरी उजेडात आणि विणणारा अंधारात, असं होत असेल तर तो छायाकृतीचा प्रश्न नाही.

पुढच्या वेळी पैठणी घ्यायला येवल्याला गेलात तर साडीचा फोटो काढाच, जर सांभाळून. मग कॅमेरा थोडा वर उचला आणि आधी नाव विचारा.